मुंबईच्या दुसऱ्या विमानतळाचा निर्णय : गरज, जागा आणि जमीन

मुंबईस दुसऱ्या विमानतळाची गरज आहे काय, असा प्रश्न वरकरणी विचारला गेला. तथापि या निर्णयाचा इतिहास पाहता वाद गरजेपेक्षा जागेविषयीच अधिक झाला, असे दिसते.

१९२८ साली सुरू झालेल्या जुहू विमानतळाची जागा स्वातंत्र्यानंतर सांताक्रूझने घेतली. तेथील दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. सभोवती दाट वस्ती असल्याने समांतर धावपट्टीस वाव उरला नाही. गरजेचा प्रश्न येथेच बहुतांशी निकालात निघाला होता.

जागेचा प्रश्न मात्र लांबला. प्रथम रेवस-मांडव्याचा विचार झाला, नंतर सिडकोच्या आग्रहाने पनवेलनजीकची जागा पुढे आली. २००७ मध्ये केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. उलवे नदीचा प्रवाह वळविणे, टेकडी कापणे व खारफुटी तोडणे यांवरून पर्यावरण मंत्रालयाने आक्षेप घेतले. त्या वादात कल्याणजवळील नेवाळीचे नाव पर्याय म्हणून आले. अखेर नोव्हेंबर २०१० मध्ये पनवेलच्या जागेस पर्यावरणीय मंजुरी मिळाली.

कागदावर नेवाळी सोयीची, कारण धावपट्टी आधीच होती. परंतु ती ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात शेतकऱ्यांची जमीन घेऊन बांधली होती. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळावी, ही मागणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. नौदलाने कुंपणभिंतीचे काम हाती घेतल्यावर २२ जून २०१७ रोजी तेथे हिंसक आंदोलन झाले. शहराच्या गरजेसाठी जमीन देणे म्हणजे काय, हे वाशिंद-शहापूरच्या वाचकास वेगळे सांगावयास नको. तानसा व भातसा ही मुंबईस पाणी देणारी धरणे याच तालुक्यात आहेत.

पनवेल-उरण परिसराची स्मृतीही अशीच. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले, नेतृत्व दि. बा. पाटील यांचे होते. विमानतळासाठी वाघिवली, तरघर, कोंबडभुजे आदी दहा गावे हलवावी लागली, तेव्हा त्या संघर्षाची पार्श्वभूमी असल्यानेच साडेबावीस टक्के विकसित भूखंडांचा मोबदला मान्य झाला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. त्यास दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, असा ठराव राज्य मंत्रिमंडळाने पहिले विमान उडण्याच्या तीन वर्षे आधी, २०२२ मध्येच केला होता.