पहारेकऱ्यांचं गाव

‘तुमचं गाव कुठलं?’ हा प्रश्न दोन मराठी माणसं भेटली की न्यू जर्सीत काय किंवा दुबईत काय, पाच मिनिटांत येतोच. चेचेन माणसालाही तो चांगला कळतो. त्याचं उत्तर मात्र अनेकदा अशा गावाचं असतं, जिथं त्याच्या घरातलं कुणी गेल्या ऐंशी वर्षांत राहिलेलं नाही.

असंच एक गाव म्हणजे खोय. रशियाच्या दक्षिण टोकाला, कॉकेशस पर्वतात, चेचन्या आणि दागेस्तानच्या सीमेजवळ ते दरीच्या काठावर वसलेलं आहे. जवळच केझेनोय-आम हा मोठा तलाव आहे. चेचेन भाषेत ‘आम’ म्हणजेच तलाव. दरड कोसळून नदीचा प्रवाह अडला आणि तो तयार झाला. त्याची खोली सत्तर मीटरहून जास्त आहे, आणि आपल्या कळसूबाईचं शिखर (१,६४६ मीटर) त्याच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली राहील. हिवाळ्यात तलाव गोठतो.

‘खोय’ या नावाचा अर्थ सांगतात तो ‘पहारेकरी’. दागेस्तानातून येणारी वाट इथून दिसते, म्हणून शत्रूवर नजर ठेवायची आणि खालच्या वस्त्यांना इशारा द्यायचा, हे या गावाचं काम. त्याची साक्ष द्यायला दगडी बुरूज आजही उभा आहे. घरंही दगडाचीच, सपाट छपरांची. काही चिऱ्यांवर चक्राकार आकृत्या आणि हाताचे पंजे कोरलेले दिसतात. आसपासच्या डोंगरउतारांवर शेतीसाठी पायऱ्या काढलेल्या आहेत. इतक्या कष्टानं शेत तयार करणारी माणसं सहजासहजी गाव सोडत नाहीत, हे कोकणातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

पण सोडावं लागलं. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी, लाल सैन्याच्या वर्धापनदिनीच, स्टालिनच्या हुकुमानं सगळ्या चेचेन आणि इंगुश लोकांना हद्दपार करण्यात आलं. जर्मनांना साथ दिल्याचा ठपका अख्ख्या समाजावर ठेवला गेला. त्या समाजातले हजारो तरुण तेव्हा त्याच लाल सैन्यात लढत होते. सरावाच्या नावाखाली गावोगावी आधीच सैनिक आणून ठेवले होते. सुमारे पाच लाख माणसं मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून कझाकस्तान आणि किर्गिझस्तानला पाठवली गेली. थंडी, उपासमार आणि टायफस यांनी पहिल्या काही वर्षांतच असंख्य बळी घेतले.

१९५७ मध्ये परतायची परवानगी मिळाली. अनेकांनी तिकडे पुरलेल्या आप्तांच्या अस्थीही सोबत आणल्या. पण उंचावरचे कित्येक भाग वस्तीसाठी बंदच ठेवले गेले. डोंगरातल्या माणसांना सपाटीवर वसवलं, कारण तिथं त्यांच्यावर लक्ष ठेवणं सरकारला सोपं होतं. पहारेकऱ्यांचं गाव असं ओस पडलं. छपरं कोसळली, भिंतींत गवत उगवलं.

तरीही गाव संपलं नाही. चेचेन समाजात ‘तैप’ म्हणजे कुळ, आणि बेनोय, माकाझोय, खोय ही जशी गावांची नावं आहेत तशी तैपांचीही. ग्रोझ्नीत जन्मलेला मुलगाही स्वतःला खोयचा म्हणवतो. हे आपल्या ‘कर’ लावण्यासारखंच झालं. इस्रायलमधल्या बेने इस्रायल कुटुंबांची पेणकर, रोहेकर ही आडनावं आठवा. कोकण मागे राहिलं, नाव सोबत गेलं.

अलीकडच्या वर्षांत खोयची डागडुजी झाली आहे. घरांवर पुन्हा छपरं चढली, पर्यटक येऊ लागले. ते पाहून आनंद होतोच. पण दुरुस्त झालेलं घर आणि नांदतं घर यांत फरक असतो. पायऱ्यांच्या शेतांत पुन्हा कुणी पेरायला लागलं, तर गाव परत आलं म्हणता येईल. तोपर्यंत ते सांभाळायचं काम त्या नावावरच आहे. म्हणून तुमच्या मुलांनी ‘आपलं गाव कुठलं?’ असं विचारलं, तर नुसतं नाव सांगून थांबू नका. नदी कुठली, डोंगर कुठला, आणि आपण तिथून का निघालो, तेही सांगा.