सहकार म्हणजे परस्परांची पत

मराठींत ‘पत’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. बाजारांत ज्याला उसनें मिळतें त्याची पत चांगली, आणि गांवांत ज्याच्या शब्दाला मान असतो त्याचीहि पत चांगली. हे दोन अर्थ एकमेकांपासून तुटले म्हणजे समाजाचें काय होतें, व ते पुनः जोडण्यासाठीं कोणते प्रयत्न झाले, याचा इतिहास आपल्या पुणें जिल्ह्यांत ठळकपणें वाचावयास मिळतो. ज्युबिलीच्या निमित्तानें मागें वळून पाहत असतां तो आपणां सर्वांस उपयोगी पडेल.

दि. 12 मे 1875 रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हुडकून जाळण्यांत आले. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत चढलेले कापसाचे भाव युद्ध संपतांच कोसळले होते, सरकारसारा वाढला होता, आणि सावकारांनीं हात आखडता घेतला होता. या दंग्याच्या चौकशीनंतर 1879 सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायद्यानें जुनें कर्ज तपासतां आलें, तरी पेरणीसाठीं नवें भांडवल कोठून आणावें? सर विल्यम वेडरबर्न व न्यायमूर्ति रानडे यांनीं 1882 च्या सुमारास पुरंदर तालुक्यासाठीं शेतकी पेढीची योजना पुढें मांडली. हिंदुस्थान सरकारास ती पटली. लंडनच्या भारतमंत्र्यांनीं मात्र ती मान्य केली नाहीं.

ही दिरंगाई किती महाग पडली, तें चांदे ज्या तालुक्यांत आहे त्या मुळशीनें पाहिलें. मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळशी येथें धरण आरंभिलें. पन्नासाच्या आसपास गांवांवर संकट आलें, आणि 1921 सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. सेनापति बापट हे त्याचे प्रमुख पुढारी. चांदे या धरणाच्या पाण्याखालीं गेलें नाहीं. पण त्या लढ्यांतील एक गोष्ट प्रत्येक गांवानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. खोऱ्यांतील पुष्कळशी जमीन कर्जापायीं पूर्वींच पुण्याच्या सावकारांच्या नांवावर चढलेली होती. भरपाई योग्य मिळाली म्हणजे त्यांचें समाधान होण्यासारखें होतें. परंतु जो कुळ म्हणून ती जमीन कसत होता, त्याला जमीनच हवी होती. ज्याच्या नांवावर सात-बारा, त्याच्या शब्दाला वजन. कर्जानें शेत गेलें, आणि शेताबरोबर बोलण्याचा अधिकारहि गेला.

या दुखण्यावरील औषध जर्मनींत रायफायझेन यांनीं पूर्वींच शोधिलें होतें. त्याच धर्तीवर 1904 सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. 1912 च्या कायद्यानें पतपुरवठ्याखेरीज इतर कामांच्या संस्थांसहि वाट मोकळी झाली. युक्ति साधी होती. एका गांवच्या दहा माणसांनीं एकत्र यावें आणि एकाच्या कर्जास सर्वांनीं जबाबदार रहावें. ज्याच्यापाशीं तारण नाहीं त्याचें शील हेंच तारण. घेतलेल्या पैशांतून बैल आला कीं तो लग्नांत उडाला, हें दूरच्या पेढीला कळत नाहीं; शेजाऱ्याला कळतें, आणि त्याचेंहि घर गुंतलेलें असल्यामुळें तो वेळींच हटकतो. भातलावणीस आज तुझ्या खाचरांत, उद्यां माझ्या, अशी जी सावड चालते तिच्यांत हें बीज होतेंच. कायद्यानें तिच्या हातीं हिशेबाची वही दिली. पुढें 1917 सालीं पुणें जिल्ह्याची मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली.

कॅथलिक समाजहि यांत मागें राहिला नाहीं. पोप तेरावे लिओ यांनीं 1891 सालीं ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रांत श्रमजीवी लोकांच्या मंडळ्यांचा पुरस्कार केला. छोटा नागपुरांत येशूसंघीय फादर हॉफमन यांनीं 1909 सालीं आदिवासींसाठीं कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. आणि आपल्या महाराष्ट्रांत, वसईस, मोन्सिनीयर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें 1918 सालीं सहकारी पतसंस्था उभी राहिली; तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. 2018 सालीं तिला शंभर वर्षें पूर्ण झालीं.

येथें एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. भुकेल्यास अन्न व आजाऱ्यास औषध देणाऱ्या धर्मादाय संस्था हव्यातच. तेथें परतफेडीचा प्रश्न उद्भवत नाहीं. परंतु धडधाकट, कष्टाळू शेतकऱ्यास दानाची नव्हे, विश्वासाची गरज असते. दान घेणाऱ्याची मान खालीं झुकते. सभासद मात्र संस्थेचा मालक असतो, वार्षिक सभेंत उभा राहून जाब विचारतो, आणि कर्ज फेडून आपली पत वाढवितो. धर्मगुरूंनीं पतपेढ्या काढल्या त्यांचें मर्म हेंच होय.

पुढें सहकार फोफावला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं प्रवरेच्या शेतकऱ्यांचा साखर कारखाना 1950 च्या अखेरीस चालू झाला. परंतु संस्था मोठी झाली म्हणजे सभासद एकमेकांस ओळखेनासे होतात, आणि शेजाऱ्याची नजर हें जें मूळचें तारण, तेंच नाहींसें होतें. 1912 सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनें 2013 सालीं निर्बंध घातले आणि 2022 सालीं तिचा परवाना रद्द झाला. मधल्या नऊ वर्षांत ठेवीदारांना स्वतःच्याच पैशांसाठीं ताटकळावें लागलें. आतां पांच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचें संरक्षण आहे. पण विमा पैसे देतो, विश्वास परत देत नाहीं.

आज हिंजवडीच्या उद्योगवसाहतीमुळें चांदे व त्याच्या आसपासच्या गांवांचें रूप पालटत आहे. नवीं माणसें येत आहेत, जमिनीचा पैसा हातीं खेळत आहे, आणि एकमेकांची ओळख मात्र विरळ होत आहे. अशा वेळीं आपण ज्या संस्थेचे सभासद आहों तिचा अहवाल वाचावा, ताळेबंद समजून घ्यावा, वार्षिक सभेस जातीनें हजर रहावें, आणि आप्ताची भीड न धरतां थकबाकी कोणाची हें विचारावें. हें काम दिसावयास लहान आहे. परंतु सुप्याच्या बाजारांत रोखे जाळून जें साधलें नाहीं, तें दहा शेजाऱ्यांनीं एका वहीवर सह्या करून साधलें. ती वही उघडून पाहण्याची संवय आपण मोडूं देतां कामा नये.