आरोपीचे वकील बाबासाहेब

बाबासाहेब म्हटले की आम्हाला हातातली घटना दिसते. पण घटना लिहिण्याच्या वीसेक वर्षे आधी हाच माणूस फौजदारी कोर्टात आरोपीच्या बाजूने उभा राहत होता, हे आमच्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे?

१९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबईला परतले. सनद घ्यायलाही पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी मदत केली. पण सनदेने काम मिळत नाही. हायकोर्टात सॉलिसिटरने काम द्यावे लागे आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर फिरकत नसत. घर चालवायला त्यांनी बाटलीबॉयच्या अकौंटन्सी संस्थेत कायदा शिकवला.

अशा दिवसांत १९२६ चा 'देशाचे दुश्मन' खटला आला. दिनकरराव जवळकरांच्या या पुस्तकात टिळक आणि चिपळूणकरांवर जहरी टीका होती. खालच्या कोर्टाने जवळकर, केशवराव जेधे व सहकाऱ्यांना बदनामीबद्दल शिक्षा ठोठावली. पुण्याच्या सेशन कोर्टात बाबासाहेबांनी अपील लढवले आणि सारे निर्दोष सुटले.

१९३४ साली ते र. धों. कर्व्यांसाठी उभे राहिले. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला होता. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, अशी बाबासाहेबांची मांडणी होती. हा खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

आता आरोपी कोण होते ते पाहा. जेधे मराठा, कर्वे चित्पावन ब्राह्मण. बाबासाहेबांना एका जातीचे पुढारी म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. जवळकरांची भाषा सर्वांना पटेल अशी नव्हती, कर्व्यांचे विषय तर सभ्य लोकांना ऐकवतही नव्हते. तरीही बोलल्याबद्दल माणसाला शिक्षा होत असेल तर त्याला वकील मिळालाच पाहिजे. लोकप्रिय माणसाचा बचाव कोणीही करील. कसोटी लागते ती समाजाने ओवाळून टाकलेल्या माणसासाठी उभे राहताना.

आम्ही हा वारसा किती चालवतो? आज देशाच्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी जवळपास तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. त्यांत अनुसूचित जाती-जमातींचा वाटा लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे. अनेकांना जामिनाचे पैसे भरता येत नाहीत, म्हणून ते आत आहेत.

आमची मुले एलएल.बी. होतात, त्याचा अभिमान आहेच. पण त्यांतली काही तरी तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात जामिनाचे अर्ज लिहिताना दिसली पाहिजेत. जयंतीची मिरवणूक आम्ही काढूच. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कोर्टात आमचा माणूस उभा आहे का, हेही विचारू.

जय भीम!