एलिचपूर
१. एलिचपूर : आजचे अचलपूर, जि. अमरावती. नावाचे जुने रूप मुद्दाम ठेवले आहे. १४९० मध्ये स्वतंत्र झालेल्या वऱ्हाडच्या इमादशाहीची ही राजधानी. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही गिळली. इमादशाहीचा संस्थापक फतेहउल्ला मूळचा विजयनगरकडचा हिंदू, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पुढे हैदराबादच्या निजामाच्या हाताखाली पठाण नवाब आले, १८५३ नंतर इंग्रज. छावणी शेजारच्या परतवाड्यात होती. तिथल्या बाजारात मेळघाटातून उतरणारे कोरकू आदिवासी मात्र या सगळ्यांहून वेगळे. त्यांची बोली मुंडा गटातली, म्हणजे नाते मराठी-हिंदीशी नव्हे, थेट कंबोडियाच्या ख्मेरशी, लांबचे का होईना! वऱ्हाडीत बोलणाऱ्या दुकानदाराला याचा पत्ता क्वचितच असतो.