टायमिंग बेल्ट : शिलाई मशीनपासून ट्रकपर्यंत

शिलाई मशीनमध्ये वर सुई चालते आणि खाली बॉबिनपाशी हूक फिरतो. दोघांचा मेळ जरा चुकला की दोरा गुंतलाच. साधा पट्टा ताण आला की घसरतो. साखळी घसरत नाही, पण ती खडखडते आणि तिला तेल पाजावं लागतं. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीत रिचर्ड केस यांनी यातून मधला मार्ग काढला : आतून दात असलेला रबरी पट्टा. पुलीच्या खाचांत दात बसले की घसरणं बंद.

हाच पट्टा पुढे मोटारीच्या इंजिनात शिरला. तिथलं दुखणंही तेच होतं. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एकच व्हायला हवा, तरच व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडतात आणि मिटतात. इंजिन मिनिटाला तीन हजार वेळा फिरत असतानाही हे गणित एका दातानंसुद्धा चुकून चालत नाही. काही इंजिनांत तर चुकलं की पिस्टन थेट उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो.

आधी हे काम गिअर किंवा साखळी करायची. मोठ्या प्रमाणावर बनवलेल्या मोटारीत बेल्ट पहिल्यांदा वापरला तो एखाद्या बड्या कंपनीनं नव्हे, तर बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावच्या ग्लास कंपनीनं. पेरणीयंत्रं बनवणारी ही मंडळी स्कूटरवरून छोट्या मोटारींकडे वळली होती. त्यांची १००४ ही गाडी १९६२मध्ये विक्रीला आली. चारच वर्षांत, १९६६मध्ये, बीएमडब्ल्यूनं ग्लास विकत घेतली. पण त्याच वर्षी अमेरिकेत पाँटिअॅकनं आणि इटलीत फियाटनं बेल्टची इंजिनं आणली. बेल्ट स्वस्त होता, हलका होता, आवाज करत नव्हता. कारखान्याला आणखी काय हवं?

पण साखळी बहुतेक वेळा इंजिनाच्या आयुष्यभर पुरते, रबर पुरत नाही. कारखान्यात वाचलेला पैसा काही वर्षांनी गाडीमालकाच्या खिशातून वसूल होतो. तोवर मालकही बहुधा दुसराच असतो. मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट.

मी अमेरिकेत राहतो. इथं 'ट्रक' म्हणजे आपला मालवाहू ट्रक नव्हे, पिकअप. माझ्याकडे जुनी टोयोटा टकोमा आहे, ३.४ लिटर व्ही-सिक्स इंजिनाची. तिचा बेल्ट साधारण ९०,००० मैलांनी, म्हणजे सुमारे १,४५,००० किलोमीटरनी बदलायचा असतो. तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. पंप गळायला लागला तर पुन्हा सगळं उघडावं लागतं, म्हणून दोन्ही एकदमच बदलतात. गॅरेजच्या अंदाजपत्रकात सामानापेक्षा मजुरी कितीतरी जास्त होती, म्हणून मी आणि एका मित्रानं ते काम घरासमोरच काढलं.

काम अवघड नाही, लांबलचक आहे. कूलंट काढा, पंखा आणि बाहेरचे बेल्ट उतरवा, क्रँक पुलीचा हट्टी बोल्ट सोडवा, कव्हर काढा. मग खुणा जुळवून जुना बेल्ट काढायचा आणि पंप बदलायचा. टेन्शनर व्हाइसमध्ये हळूहळू दाबून त्याच्या भोकात पिन घालायची. नवा बेल्ट चढला की पिन ओढायची. मग इंजिन सुरू न करता क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि खुणा परत तपासायच्या. दोनच का? कारण तेवढ्यात कॅमचा एक फेरा, म्हणजे इंजिनाचं एक पूर्ण चक्र होतं. कोड लिहिणाऱ्याला ही टेस्ट लगेच पटते.

हे घरी करता येतं, यालाही इतिहास आहे. १९६६मध्येच इंग्लंडमध्ये जॉन हेन्झ यांचं पहिलं दुरुस्ती मॅन्युअल निघालं. गाडी स्वतः सुटी करून, जोडताना फोटो काढत लिहिलेलं. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे, केवळ दुरुस्ती बाहेर केली म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. २०१२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती मालकांना आणि स्वतंत्र गॅरेजांना द्यावी, या कायद्याला मोठ्या बहुमतानं कौल दिला.

२००५च्या नव्या टकोमात टोयोटानं व्ही-सिक्सला पुन्हा साखळी बसवली. बेल्टचं काम संपलं, पण आता गाडीतल्या सॉफ्टवेअरचं कुलूप आलं. बेल्टच्या कव्हरला निदान साधे बोल्ट होते. पाना हातात असलेल्या कुणालाही ते खोलता येत होते. सॉफ्टवेअरचं कव्हर कुणी खोलायचं, हे आमच्या धंद्यातली माणसं ठरवतात. ते ठरवताना बेल्टची गोष्ट लक्षात असलेली बरी : आपण वाचवलेले कष्ट कुठं जात नाहीत, फक्त पुढच्या मालकाच्या अंगणात जाऊन पडतात.