टॉल शिपवरची सुट्टी म्हणजे काय? इथे प्रवासीच होतात खलाशी

उंच डोलकाठ्या आणि मोठी शिडे असलेल्या पारंपरिक जहाजाला ‘टॉल शिप’ म्हणतात. भारतीय नौदलाचे, गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले ‘तरंगिणी’ हे असेच जहाज. भूमध्य समुद्रात अशा काही जहाजांवर हौशी लोकांनाही चार-आठ दिवस जाता येते. अनुभव लागत नाही, पण काम करावे लागते.

काम कोणते?
प्रवाशांचे गट पाडतात. साधारणपणे चार तास पहारा, मग आठ तास विश्रांती. पहाऱ्यात दोर ओढणे, सुकाणू धरणे, समुद्रावर नजर ठेवणे ही कामे असतात, रात्रीसुद्धा. स्वयंपाकघरातही पाळी येते. डोलकाठीवर चढायची सक्ती नसते; चढताना सुरक्षा पट्टा बांधतात.

बंदर वारा ठरवतो
चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ६० अंशांचा कोन ठेवावा लागतो. दक्षिण फ्रान्सजवळ मिस्ट्रल किंवा ग्रीसजवळ उन्हाळ्यात मेल्तेमी जोरात सुटला, तर कप्तान इंजिन लावतो, थांबतो किंवा बंदरच बदलतो.

बुकिंग करण्यापूर्वी
• परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवा.
• मार्ग ग्रीस-तुर्कस्तान-ग्रीस असेल, तर भारतीय पासपोर्टवर एकाहून अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो, तुर्कस्तानचा वेगळा.
• बोट लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या.
• चाकांची बॅग नको. घडी होणारी पिशवी न्या.