कोल्हापूर ते नागपूर: विमानानं 700 किलोमीटर, रेल्वेनं बाराशे!

कोल्हापूर ते नागपूर अंतर किती, असं कुणी विचारलं तर आधी विचारावं लागतं, "जाणार कशानं?" उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून सोनेगावच्या धावपट्टीपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढा, साधारण 700 किलोमीटर भरतात. जेट विमानाला सव्वा ते दीड तास. आणि महाराष्ट्र एक्सप्रेसनं? बाराशेच्या वर किलोमीटर, एक अख्खा दिवस आणि वर काही तास. मिरज, पुणे, दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा राज्याला अर्धा वळसा घालून गाडी नागपुरात शिरते.

हा वळसा आला कुठून? आपली रेल्वे आपल्याला एकमेकांकडे जाता यावं म्हणून बांधलीच नव्हती. नागपूरला रेल्वे पोचली 1867 साली, वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईच्या बंदरात नेण्यासाठी. कोल्हापूरला आली 1891 साली, संस्थानानं बांधलेला मिरजेचा फाटा म्हणून, तोही मीटरगेज. दोन्ही रूळ आपापल्या वाटेनं मुंबईकडे तोंड करून होते.

आणि तेव्हा ते चाललंही. कारण 1956 पर्यंत ही दोन शहरं एका राज्यात नव्हतीच! नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी, कोल्हापूर 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालेलं. पण 1953 च्या नागपूर करारानं ठरलं, की मराठी राज्य झालं तर विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरवायचं. 1960 ला राज्य झालं आणि आमच्याकडचा मोर्चेवाला, निवेदनवाला, बदलीसाठी खेटे घालणारा मास्तर, सगळे डिसेंबरात नागपूरला निघाले. करार करणाऱ्यांनी रेल्वेचा नकाशा पाहिला होता का, देव जाणे.

विमानांची सोय नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. कोल्हापूरला राजाराम महाराजांनी 1939 लाच विमानतळ उभारला. आणि सोनेगावला 1949 पासून रात्रीची टपाल विमानं उतरायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांची विमानं मध्यरात्री तिथं भेटायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि माघारी फिरायची. म्हणजे दिल्लीचं पत्र मद्रासला सकाळी पोचायचं, पण कोल्हापूरचा माणूस मात्र नागपूरला गाडीतच डुलक्या घेत जायचा.

पुढं विमानं आली तीही रेल्वेच्याच वळणानं. कोल्हापूर-मुंबई, मुंबई-नागपूर. अंतर मोजलं तर हजार किलोमीटरच्या आसपास, पण खरा वेळ मुंबईत पुढच्या विमानाची वाट बघण्यात जायचा. त्यात कोल्हापूरची सेवा किती वेळा सुरू झाली आणि किती वेळा बंद पडली, हे इथल्या लोकांना सांगायला नको. धावपट्टी अवघी 1,370 मीटरची होती, ती 1,930 मीटर झाली. नागपूरची 3,200 आहे, यावरून काय ते समजा.

2025 मध्ये थेट विमान सुरू झालं, चांगलंच झालं. पण नुसता सव्वा तास बघून खूश होऊ नका, आठवड्यातले वार बघा. नागपुरातलं काम एका दिवसात संपलं आणि परतीचं विमान तीन दिवसांनी असलं, तर माणूस लॉजच्या खोलीवर बसून हिशोब करतो, आणि गुपचूप महाराष्ट्र एक्सप्रेसचं रिझर्वेशन काढतो.